बोललेल्या शब्दाची काटछांट

धनुष्यापासून सुटलेला बाण आणि तोंडांतून गेलेला शब्द परत येत नाहीं, असें आपल्याकडील वडील माणसें पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलीं आहेत. यांतील बाणाविषयींचें विधान अद्याप अबाधित आहे. शब्दाविषयींचें मात्र सुमारें पाऊणशें वर्षांपूर्वींच खोटें ठरलें. एकदां ध्वनिमुद्रित झालेला शब्द आतां वाक्याच्या मधून काढून टाकतां येतो, मागचा पुढें नेऊन बसवितां येतो. आणि अलीकडे तर जो शब्द कोणी उच्चारलाच नाहीं, तोहि त्याच्याच आवाजांत ऐकवितां येतो. पूर्वीं या कामाला नभोवाणी केंद्राचें दालन, अवजड यंत्रें आणि वर्षानुवर्षें हात बसलेला कारागीर लागे. आज ज्याला टंकलेखन येतें तो घरच्या मेजावर बसून हें करूं शकतो. कारण आवाज कापणें हें लिहिलेल्या मजकुरांतील शब्द खोडण्याइतकें सोपें झालें आहे.

ज्या कार्यक्रमांसाठीं ही सोय विशेषेंकरून वापरली जाते, त्यांना पॉडकास्ट म्हणतात. बेन हॅमर्स्ली या पत्रकारानें फेब्रुवारी २००४ मध्यें ‘गार्डियन’ पत्रांत हा शब्द प्रथम वापरला. नभोवाणीचा कार्यक्रम ठराविक वेळीं लागतो व निघून जातो. पॉडकास्ट श्रोत्याच्या सवडीची वाट पाहत थांबतो. त्यांतहि दोन प्रकार आहेत. एक नुसत्या गप्पांचा. त्याविषयीं येथें विशेष सांगण्यासारखें नाहीं. दुसरा कथनाचा. यांत दहापांच माणसांच्या मुलाखती घेऊन, त्यांतील निवडक बोलणें ओळीनें लावून, मध्यें निवेदकाचीं वाक्यें घालून एक सलग हकीकत उभी केली जाते. अमेरिकेंत शिकागो येथें आयरा ग्लास यांनीं १७ नोव्हेंबर १९९५ रोजीं सुरू केलेला व पुढें ‘धिस अमेरिकन लाइफ’ या नांवानें प्रसिद्धीस आलेला नभोवाणी कार्यक्रम हा या प्रकाराचा आदर्श मानला जातो; आणि त्याच मंडळींतून निघालेली, ३ ऑक्टोबर २०१४ रोजीं आरंभ झालेली ‘सीरियल’ ही बारा भागांची मालिका ऐकून जगभरच्या श्रोत्यांना पॉडकास्टची गोडी लागली. अशा कथनाच्या मुळाशीं काटछांट असते. ती कशी होत आली आणि आज कोणत्या वळणावर आहे, हें समजून घेण्यासारखें आहे.

आरंभकाळीं काटछांट अशक्यच होती. एडिसननें १८७७ सालीं कथिलाच्या पातळ पत्र्यावर आपला आवाज उमटविला. त्या पत्र्यावरील खांच ही एकसंध रेषा होती. तींत मध्येंच कांहीं घालतां वा काढतां येत नसे. मेणाच्या नळकांड्यांची व मागाहून आलेल्या तबकड्यांचीहि तीच गत. डेन्मार्कचा व्हाल्डेमार पोल्सेन यानें १८९८ सालीं पोलादी तारेवर चुंबकाच्या साहाय्यानें आवाज सांठविण्याची युक्ति काढली, आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनांत ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ जोसेफ याचा आवाज तशा यंत्रावर उतरवून घेतला. बी. बी. सी. नें १९३० नंतरच्या दशकांत पोलादी पट्टीचीं यंत्रें वापरलीं. ती पट्टी सेकंदास सुमारें पांच फूट या वेगानें धांवे. जोड द्यावयाचा तर डाख द्यावा लागे, आणि पट्टी तुटली तर तिची धार जवळ उभ्या असलेल्या माणसास लागेल अशी भीति असे. बाहेर जाऊन लोकांचें बोलणें टिपण्याची अडचण तर याहून मोठी. मँचेस्टरच्या केंद्रावरील ऑलिव्ह शॅप्ली या बाई युद्धापूर्वीं तबकडीमुद्रणाची जी मोटार घेऊन गांवोगांव फिरत, तिचें वजन सात टनांहून अधिक होतें.

यामुळें एक विलक्षण प्रथा पडली. गिरणीकामगार किंवा खाणकामगार जें बोलला तें कागदावर उतरून घ्यावयाचें, लेखकानें त्याची नीटनेटकी संहिता बनवावयाची, आणि मग ती नटानें, क्वचित् त्याच कामगारानें, ध्वनिक्षेपकापुढें वाचून दाखवावयाची. म्हणजे श्रोत्याच्या कानीं जें पडे तें बोलणें नसून बोलण्याचें वाचन असे. आपल्याकडे मुंबईचें केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. नभोवाणीवरील व्याख्यानें आपल्याकडेहि दीर्घकाळपर्यंत आधीं लिहून, तपासून घेऊन, मगच वाचलीं गेलीं. विद्वानांच्या व्याख्यानाला ही पद्धत शोभते. परंतु ज्यानें जन्मांत कधीं भाषण लिहिलें नाहीं, त्याच्या हातीं त्याचेंच बोलणें कागदावर लिहून दिलें कीं तो शाळेंतील मुलासारखा वाचूं लागतो व त्याच्या बोलण्यांतील प्राण निघून जातो, हें कोणासहि पटेल.

हा क्रम उलटला तो चुंबकीय ध्वनिफितीमुळें. दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंडमध्यें असतांना जॅक मलिन हा अमेरिकन सैन्यांतील तंत्रज्ञ अपरात्रीं जर्मन नभोवाणीवर वाद्यवृंद ऐके व चकित होई. त्यांत तबकडीची खरखर नव्हती; आणि इतक्या अवेळीं सबंध वाद्यवृंद रोज जागत बसला असेल हेंहि संभवत नव्हतें. १९४५ सालीं जर्मनींत बाड नॉहाइम येथें त्याला या कोड्याचा उलगडा झाला. जर्मनांनीं पातळ फितीवर लोहभस्माचा लेप देऊन तिच्यावर आवाज सांठविण्याची कला फारच पुढें नेली होती. त्यांचें ‘माग्नेटोफोन’ यंत्र १९३५ सालीं बर्लिनच्या प्रदर्शनांत सर्वांनीं पाहिलें होतें. परंतु युद्धकाळांत त्यांत झालेली सुधारणा बाहेर कोणास ठाऊक नव्हती. मलिननें दोन यंत्रें सुटीं करून पन्नास रिळांसह घरीं धाडलीं आणि १६ मे १९४६ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें त्यांचें प्रात्यक्षिक करून दाखविलें. दरवेळीं जिवंत कार्यक्रम करण्याचा कंटाळा आलेला लोकप्रिय गायक बिंग क्रॉस्बी यानें १९४७ सालीं मलिनला आपल्या कार्यक्रमासाठीं नेमून घेतलें.

येथेंच एक प्रसंग घडला, तो पुढील सर्व इतिहासाची चाहूल देणारा आहे. बॉब बर्न्स नांवाचा विनोदी नट पाहुणा म्हणून आला असतां त्यानें कांहीं ग्राम्य गोष्टी सांगितल्या. त्या प्रक्षेपित करण्याजोग्या नव्हत्या म्हणून कापल्या गेल्या. पण त्यांवर प्रेक्षकांत उसळलेला दणदणीत हशा मलिननें जपून ठेवला, आणि पुढें एका कार्यक्रमांतील विनोद फिका पडला तेव्हां तो हशा तेथें जोडून दिला. नभोवाणीला कात्री मिळाली, त्यानंतर फार दिवस न लोटतांच त्या कात्रीनें केलेली ही लबाडी होय. ती निरुपद्रवी होती हें खरें. परंतु जे लोक हंसले नव्हते त्यांना हंसविलें गेलें, हेंहि तितकेंच खरें.

ध्वनिफीत कापण्याची कृति आतां जुनी झाली असल्यामुळें ती थोडी सविस्तर सांगणें अवश्य आहे. संपादक दोन्ही हातांनीं दोन रिळें धरून फीत यंत्राच्या मुखावरून हळूहळू मागेंपुढें सरकवी. या मंद गतींत मनुष्याचा आवाज एखाद्या जनावराच्या गुरगुरण्यासारखा ऐकूं येई. त्या गुरगुरण्यांत ‘क’ कोठें फुटतो, ‘स’ कोठें संपतो, हें कानानें हेरून त्या जागीं मेणाच्या पेन्सिलीनें खूण करावयाची. मग फीत खांच असलेल्या धातूच्या ठोकळ्यांत बसवून दाढीच्या पात्यानें तिरपी कापावयाची. असा ठोकळा प्रचारांत आणण्याचें श्रेय अमेरिकेंतील जोएल टॉल या संपादकाकडे जातें. काप सरळ नसून तिरपा कां, तर सरळ जोडावर आवाज एकदम बदलून टक् असा ध्वनि येतो. तिरप्या जोडावर एक आवाज ओसरत असतां दुसरा चढतो. उत्तम प्रतीच्या कामांत फीत सेकंदास पंधरा इंच धांवे. मिनिटाला दीडशें शब्द बोलणाऱ्याचा एकेक शब्द त्या फितीवर सरासरी सहा इंच लांब पडे. संपादकाच्या हातांत शब्द खरोखरीच धरतां येई! कापलेले तुकडे कोणी भिंतीला लावी, कोणी गळ्यांत अडकवी. आणि एखादा तुकडा जमिनीवर पडून पायांखालीं गेला तर त्या माणसाचें तें म्हणणें कायमचें नाहींसें होई. म्हणून शहाणा संपादक मूळ फितीची नक्कल करून मगच पातें उचली.

या कृतींत श्रम फार होते व वेळ फार जाई. परंतु एक गोष्ट तींत आपोआप घडे. शब्द शोधावयाचा तर तो ऐकावाच लागे, आणि एकदां नव्हे, वीस वेळां. तो बोलणारा कोठें अडखळतो, कोणत्या प्रश्नानंतर त्याचा स्वर उतरतो, तो श्वास केव्हां घेतो, हें संपादकाच्या अंगवळणीं पडून जाई. चांगले संपादक श्वास कधीं फेंकून देत नसत. श्वास काढून जोडलेलीं दोन वाक्यें कानाला गुदमरल्यासारखीं वाटतात.

या काळांतील सर्वांत मोलाचें उदाहरण इंग्लंडमधील आहे. ९ फेब्रुवारी १९५७ रोजीं जॉन ॲक्सन हा इंजिनचालक मालगाडी घेऊन डर्बिशरच्या डोंगराळ भागांतून जात असतां इंजिनांतील वाफेची नळी फुटली. गाडी आवरेना. त्यानें सहकाऱ्याला खालीं उतरून डब्यांचे ब्रेक बांधण्यास सांगितलें. स्वतः मात्र उकळत्या वाफेंत इंजिनावरच राहिला व चॅपल-एन-ल-फ्रिथ स्थानकाजवळ दुसऱ्या गाडीवर आदळून मरण पावला. त्याला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस देण्यांत आला. बी. बी. सी. चे निर्माते चार्ल्स पार्कर व लोकगीतकार ईवन मॅकॉल यांनीं या घटनेवर कार्यक्रम करण्याचें ठरविलें, आणि हातांत नेण्याजोगें मुद्रणयंत्र घेऊन ते रेल्वेच्या लोकांत जाऊन राहिले. रूढीप्रमाणें त्या लोकांचें बोलणें उतरून घेऊन तें नटांकडून वदवावयाचें होतें. चाळीस तासांहून अधिक ध्वनिमुद्रण गोळा झालें. सेकंदास साडेसात इंच या हिशेबानें ही फीत जमिनीवर पसरली असती तर सतरा मैलांहून लांब भरली असती.

मॅकॉल यांनीं तें मुद्रण घरीं नेलें व ऐकत ऐकत कागदावर उतरविलें. या कामांतूनच त्यांच्या लक्षांत आलें कीं, जें कागदावर आलें आहे त्यापेक्षां जें कागदावर येऊं शकत नाहीं तेंच अधिक मोलाचें आहे. इंजिनांवर जन्म काढलेल्या माणसांच्या बोलण्यांत जी लय होती ती कोणत्याहि नटाला साधली नसती. म्हणून नट रद्द झाले. खरे आवाजच ठेवावयाचे, व त्यांच्या अवतीभवतीं गीतें गुंफावयाचीं, असें ठरलें. पेगी सीगर यांनीं संगीताची बाजू सांभाळली, पार्कर यांनीं असंख्य तुकडे पात्यानें कापून जोडले, आणि २ जुलै १९५८ रोजीं ‘द बॅलड ऑफ जॉन ॲक्सन’ प्रक्षेपित झाला. या मालिकेंत १९६४ पर्यंत आठ कार्यक्रम झाले. कोळ्यांच्या जीवनावरील ‘सिंगिंग द फिशिंग’ला १९६० सालीं इटलीचें मानाचें पारितोषिक मिळालें. येथें ध्यानांत घ्यावयाची गोष्ट अशी कीं, लेखी प्रत तेव्हांहि होतीच. चाळीस तासांतून एक तास निवडावयाचा तर कागदावाचून निभाव लागत नाहीं. कागदावर खुणा करणें, कात्रीनें परिच्छेद कापून जमिनीवर मांडणें, त्यांचा क्रम लावणें, हें सर्व होत असे. परंतु कागद हा नकाशा होता. प्रवास फितीवरूनच करावा लागे.

पुढील टप्पा चटकन् सांगून संपविण्याजोगा आहे. १९८० नंतरच्या दशकांत आवाज संगणकांत सांठवूं लागले आणि पडद्यावर तो डोंगरदऱ्यांसारख्या रेषेनें दिसूं लागला. १९९१ सालीं ‘प्रो टूल्स’ ही प्रणाली बाजारांत आली, २००० सालीं ‘ऑडॅसिटी’ ही विनामूल्य मिळूं लागली, आणि पातें व चिकटपट्टी वस्तुसंग्रहालयांत गेलीं. डोळा या कामांत प्रथम शिरला तो येथें. तरीहि त्या डोंगरदऱ्या वाचतां येत नसत; ‘होय’ कोणता डोंगर आणि ‘नाहीं’ कोणता, हें पाहून सांगणें कोणासहि शक्य नव्हतें. ऐकणें चुकलें नव्हतें.

तें चुकविण्याचा विचार २००४ सालीं स्टीव्ह व्हिटेकर व ब्रायन अमेंटो या दोघां संशोधकांनीं एका निबंधांत मांडला. यंत्राला बोलणें ऐकवून त्याच्याकडून लेखी प्रत करून घ्यावयाची, मग ती कितीहि चुकीची असो. प्रत्येक शब्द मुद्रणांत कोणत्या क्षणीं सुरू होतो व कोणत्या क्षणीं संपतो याची नोंद ठेवावयाची. आणि संपादकानें त्या प्रतींतील शब्द कापले व दुसरीकडे डकविले कीं त्यांच्या मागचा आवाजहि आपोआप तसाच कापला जावा, ही ती कल्पना. पुनःपुन्हां ऐकून पाहण्याची गरज कमी करणें हाच आपला उद्देश असल्याचें त्यांनीं उघड सांगितलें होतें. २०१३ सालीं बर्कले विद्यापीठ व अडोबी कंपनी येथील स्टीव्ह रुबिन आणि त्यांचे सहकारी यांनीं खास कथनाच्या कार्यक्रमांसाठीं असें साधन रचलें. निवेदकानें एकच वाक्य चार वेळां म्हटलें असेल तर चारहि रूपें तें एकत्र दाखवी. श्वास कोठें आहे तेंहि मजकुरांत चिन्हानें दाखवी. डिसेंबर २०१७ मध्यें अँड्र्यू मेसन यांनीं ‘डिस्क्रिप्ट’ ही प्रणाली सर्वांसाठीं खुली केली. शहरांतून पायीं फिरणाऱ्यांना कानांत माहिती सांगणारे कार्यक्रम त्यांची आधींची कंपनी तयार करीत असे. त्या कामाच्या त्रासांतूनच हें साधन निपजलें. सप्टेंबर २०२२ मध्यें ओपनएआय या संस्थेनें ‘व्हिस्पर’ हें ६,८०,००० तासांच्या मुद्रणावर शिकविलेलें श्रुतलेखन-यंत्र प्रसिद्ध केलें, आणि त्याच्या भाषांत मराठीचाहि समावेश होता.

आज कथनाचा एक भाग असा तयार होतो. मुलाखत संपते न संपते तोंच तिची लेखी प्रत पडद्यावर उभी राहते. संपादक ती वाचून चांगल्या जागा अधोरेखित करतो, त्या एका नव्या कागदावर ओळीनें लावतो, मध्यें निवेदनाचीं वाक्यें लिहितो. आणि हा कागद म्हणजेच कार्यक्रम असल्यामुळें तो लिहून होतांच ऐकतांहि येतो. मूळ मुद्रणाला धक्का लागत नाहीं. शब्द खोडला म्हणजे यंत्र तेवढा क्षण गाळून पुढें जातें, इतकेंच. चाळीस तासांत ‘ब्रेक’ हा शब्द कोठें कोठें आला तें क्षणांत सांपडतें. ‘अं’, ‘म्हणजे’, ‘कळलें कां’ असले भरतीचे शब्द एका आज्ञेसरशीं सर्वत्र नाहींसे करतां येतात. या सोयीला नांवें ठेवणें अन्यायाचें होईल. पार्कर यांच्यापाठीशीं बी. बी. सी. सारखी संस्था होती. आतां एकटादुकटा मनुष्य, नोकरी सांभाळून, आपल्या गांवांतील वृद्धांच्या आठवणी कथनाच्या रूपांत आणूं शकतो. ज्यांचें बोलणें कोणी कापण्यासाठींहि ऐकलें नसतें, त्यांचें आतां ऐकलें जातें.

परंतु नकाशा आतां प्रवासाच्या जागीं बसला आहे, आणि नकाशांत जें दिसत नाहीं तें वगळलें जाण्याचा संभव वाढला आहे. स्तब्धतेचेंच उदाहरण घ्या. जानेवारी २०१२ मध्यें ‘धिस अमेरिकन लाइफ’नें माइक डेझी या रंगमंचीय कथाकाराचें चीनमधील कारखान्यांविषयींचें कथन प्रसिद्ध केलें, त्यांतील कांहीं प्रसंग बनावट असल्याचें पुढें उघडकीस आलें, आणि १६ मार्च २०१२ रोजीं त्या कार्यक्रमानें सबंध भाग मागें घेतल्याचें जाहीर करून, ग्लास यांनीं डेझी यांना त्याविषयीं विचारलेले प्रश्न ऐकविले. त्या संभाषणांतील प्रश्न व उत्तर यांमधील लांबलचक स्तब्धता तशाच ठेवण्यांत आल्या होत्या. ज्यांनीं तो भाग ऐकला त्यांच्या स्मरणांत उत्तरांइतक्याच त्या स्तब्धताहि राहिल्या. लेखी प्रतींत मात्र प्रश्नाखालीं उत्तर येतें, एक ओळ सोडून दुसरी. आणि स्तब्धता आपोआप आंखडून टाकण्याची सोय तर आजच्या साधनांत तयारच असते. अमेरिकेंतील राष्ट्रीय सार्वजनिक नभोवाणी, म्हणजे एन. पी. आर., आपल्या संपादकांना संहिता वाचून नव्हे तर ऐकून तपासण्याचा उपदेश करते, तो याचसाठीं. वार्ताहर समोर बसून निवेदन वाचतो, जागोजागीं मुद्रण लावतो, आणि संपादक कान देऊन ऐकतो. यंत्रें बदललीं तरी हा परिपाठ तेथें सोडलेला नाहीं, आणि तो सोडूं नये.

मराठीपुरता विचार केला तर धोका थोडा निराळा व अधिक सूक्ष्म आहे. आपल्या भाषेंत क्रियापद व नकार वाक्याच्या शेवटीं येतात. ‘मी त्या सभेला गेलों नाहीं’ यांतील शेवटचा शब्द खोडला कीं ‘मी त्या सभेला गेलों’ असें निर्दोष, संपूर्ण, परंतु नेमकें उलटें वाक्य उरतें. इंग्रजींत नकार वाक्याच्या मध्यें असतो व त्याच्या जोडीला पुष्कळदां साहाय्यक क्रियापद उभें असतें. नकार काढला तर तें उघडें पडतें आणि वाचणाऱ्याला संशय येतो. मराठींत डोळ्याला संशय येण्याचें कांहींच कारण नाहीं. कानाला मात्र येतो. कारण ज्याला पुढें ‘नाहीं’ म्हणावयाचें आहे त्याचा स्वर ‘गेलों’पाशीं खालीं टेंकत नाहीं, तो अधांतरी राहतो. तसाच ‘म्हणे’ हा शब्द. ‘तो पैसे घेऊन पळाला म्हणे’ ही ऐकीव वार्ता आहे. ‘तो पैसे घेऊन पळाला’ ही साक्ष झाली. भरतीचा शब्द समजून ‘म्हणे’ गाळणारा संपादक बेइमान असेलच असें नाहीं. तो फक्त घाईंत असतो, आणि त्यानें ऐकलेलें नसतें. शिवाय मराठीची यंत्रलिखित प्रत इंग्रजीइतकी शुद्ध येत नाहीं, ती हातानें सुधारावी लागते. ‘मले’ म्हणणाऱ्या वऱ्हाडी आजीबाईंच्या तोंडीं पडद्यावर ‘मला’ उमटलें तर केवळ पडदा पाहणाऱ्यास त्या कोणत्या बोलींत बोलल्या याचा पत्ताहि लागावयाचा नाहीं.

किती बदल क्षम्य आहे हा प्रश्न छापील मजकुराविषयीं न्यायालयांतहि गेला होता. १९९१ सालीं मॅसन विरुद्ध न्यू यॉर्कर या खटल्यांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, अवतरणचिन्हांतील शब्द बदलले एवढ्यावरून तें खोटें ठरत नाहीं. बदलानें अर्थाला महत्त्वाचा फरक पडला पाहिजे. छापील अवतरणाविषयीं हा दंडक समंजस म्हणतां येईल, कारण वाचकाला ठाऊक असतें कीं मध्यें एक लेखणी आहे. आवाज ऐकणाऱ्याला मध्यें कोणी आहे असें वाटतच नाहीं.

आणि आतां तो मध्यस्थ नुसता कापत नाहीं. नोव्हेंबर २०१६ मध्यें अडोबी कंपनीनें एका मेळाव्यांत ‘व्होको’ नांवाचा प्रयोग दाखविला. एका विनोदी नटाच्या मुद्रित वाक्याची लेखी प्रत पडद्यावर होती. तींत त्यानें न उच्चारलेले शब्द टंकित करतांच ते त्याच्या आवाजांत ऐकूं आले. सभागृह हंसलें व टाळ्या पडल्या. तो प्रयोग विक्रीस आला नाहीं. परंतु २०१९ सालीं डिस्क्रिप्टनें मॉन्ट्रियल येथील ‘लायरबर्ड’ ही कंपनी विकत घेऊन हीच सोय आपल्या साधनांत आणली. ज्याचा आवाज घडवावयाचा त्यानें स्वतः संमतीचें निवेदन मोठ्यानें वाचून दाखविलें पाहिजे, अशी अट मात्र तिनें घातली. ही अट योग्यच होती. तथापि जुलै २०२१ मध्यें अँथनी बूर्डेन या दिवंगत प्रवासी-लेखकावरील चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हां दिग्दर्शक मॉर्गन नेव्हिल यांनीं सांगितलें कीं, त्यांतील बूर्डेन यांचीं कांहीं वाक्यें संगणकानें घडविलेल्या आवाजांत आहेत; त्यांपैकीं एक त्यांनीं मित्राला लिहिलेल्या पत्रांतील होतें. बूर्डेन २०१८ सालींच वारले होते. शब्द त्यांचे, लिहिलेले त्यांनीं. पण उच्चारलेले नव्हेत. मित्राला लिहिलेलें पत्र मनुष्य मोठ्यानें वाचील तेव्हां कोणत्या शब्दावर थांबेल हें दुसऱ्यानें ठरविलें, आणि श्रोत्यांना तें आधीं सांगितलें नाहीं. त्यावर जो वाद माजला तो रास्तच होता.

चार्ल्स पार्कर यांनीं कापलें फार, परंतु जपलेंहि. त्यांचा संग्रह बर्मिंगहॅमच्या ग्रंथालयांत ठेवलेला आहे. त्यांत मूळ ध्वनिमुद्रणें आहेत आणि त्यांच्या लेखी प्रतीहि आहेत. जॉन ॲक्सनच्या सोबत्यांनीं प्रत्यक्षांत काय सांगितलें आणि त्यांतून त्या एका तासांत काय आलें, हें अभ्यासकाला दोन्ही शेजारीं ठेवून आजहि ताडून पाहतां येतें.